शलाका नसलेल्या आठवणी

सरनोबत सरांनी हुलग्याच्या माडग्याचा वाडगा दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "त्या पोरीनं उजवीकडं झेप घेतली बघ. सगळं मैदान म्हणत होतं, चेंडू डावीकडं जाणार. आणि ही उजवीकडं!"

"हो बाबा," हर्षदा म्हणाली.

"बोटांची टोकं लागली फक्त. टोकं! चेंडू खांबाला लागून बाहेर." त्यांचे डोळे चकाकत होते. मग त्यांनी लेकीकडं वळून विचारलं, "तू होतीस का गं तिथं?"

हर्षदा तिथंच होती. आईच्या शेजारी, धाकट्या शलाकाची पाण्याची बाटली आणि कोरडा टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. वडिलांच्या त्या आठवणीत मैदान होतं, ढगाळलेलं आभाळ होतं, खांबाचा आवाजसुद्धा होता. टॉवेल घेऊन बसलेली थोरली मुलगी मात्र नव्हती.

"होते की," एवढंच ती म्हणाली आणि तिनं वाडग्यात आणखी माडगं वाढलं.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत विश्वास सरनोबतांना ओळखत नाही असा माणूस एके काळी सापडला नसता. शाळेत ते खेळाचे शिक्षक, आणि शाळा सुटली की सोमेश्वर तालमीच्या फुटबॉल संघाचे गुरुजी. धाकटी शलाका गोलरक्षक झाली, महाराष्ट्राकडून खेळली आणि पुढं शिलाँगला मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून गेली ती तिथलीच झाली. थोरली हर्षदा लग्न मोडल्यावर माहेरी परत आली. दोन गल्ल्या सोडून तिनं रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली. आईचं शेवटचं आजारपण तिनं काढलं, आणि सर विसरायला लागले तेव्हाही तीच घरात होती.

आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरू लागले, मग गल्ली, मग बायको गेली आहे हे. तेव्हा हर्षदानं त्यांना स्मरणी बसवून घेतली.

स्मरणी म्हणजे कानामागं त्वचेखाली बसवलेली नाण्याएवढी चकती. तिच्यातून निघालेल्या केसाहून बारीक तारा मेंदूत जिथं आठवणी बांधल्या जातात तिथवर पोचतात. सुरुवातीचे काही महिने ती नुसती लक्ष ठेवते. माणसाला काही आठवलं की मेंदूतल्या पेशी एका ठरावीक नक्षीत पेटतात. स्मरणी ती नक्षी टिपून घेते आणि तिच्यापुढं रकाने मांडते: कोण, कुठं, केव्हा, कसं वाटलं. प्रत्येक आठवणीची एक ओळ. अशा असंख्य ओळींचा एक भलामोठा तक्ता तयार होतो. रोग त्या नक्ष्या विसकटत जातो, आणि रोज सकाळी स्मरणी त्यातल्या काही निवडून हलक्या विजेनं पुन्हा पेटवते. याला उजळणी म्हणत. पण थकलेल्या मेंदूला तासाभरापेक्षा जास्त उजळणी सोसत नाही. म्हणून काय उजळायचं हे निवडावं लागतं, आणि ते काम घरच्यांचं.

हर्षदाला ते काम डॉक्टर समीना मुल्लाणींनी शिकवलं होतं. त्या मेंदूच्या डॉक्टर होत्या आणि शिकवताना त्यांना कधी घाई नसे.

"प्रत्येक आठवण एकेक करून दाराशी येते असं समजा," त्या म्हणाल्या होत्या. "दारावर तुम्ही घातलेली अट उभी आहे. अट एकच प्रश्न विचारते. उत्तर 'हो' असेल तरच आठवण आत. दोन अटी 'आणि'नं जोडल्या तर दोन्हींना 'हो' पाहिजे, 'किंवा'नं जोडल्या तर एकीला पुरे. लोकांचा इथंच घोळ होतो बघा. त्यांना वाटतं 'आणि' म्हटलं की भर पडते. उलट आहे. 'आणि' म्हटलं की कमी होतात."

हर्षदानं साधी अट घातली होती. कसं वाटलं: आनंद किंवा शांत. त्या एवढ्याशा अटीवर सर दीड वर्ष बऱ्यापैकी चालले. सकाळी उठून ते हर्षदाला "पाणी तापलं का गं?" म्हणून विचारत, आणि दिवस सुरू होई.

पण त्या माडग्याच्या सकाळी तिच्या मनात काहीतरी रुतून बसलं. दुपारी लॅबमधली गर्दी ओसरल्यावर तिनं संगणकावर वडिलांचा तक्ता उघडला. उजळणीसाठी नव्हे, नुसतं बघायला. तिनं लिहिलं: कोण: शलाका. आणि, कसं वाटलं: आनंद.

पडदा भरून वाहू लागला. शलाका भिंतीवर चेंडू मारतेय. शलाकाचा दात पडला. शलाका चिखलानं माखून दारात उभी. शलाकाचा शिलाँगहून फोन. ती खाली खाली सरकवत राहिली आणि ओळी संपेनात. मग तिनं आनंदाची अट काढून टाकली आणि शलाकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं.

मोजक्या ओळी उमटल्या. हर्षदा सायकलवरून पडली: भीती. हर्षदाची पाठवणी: दुःख. हर्षदानं आईच्या औषधांवरून आवाज चढवला: राग. आणखी दोन-चार तशाच. तिनं पडदा खाली ओढून पाहिला. खाली काही नव्हतं.

तिनं खुर्ची मागं सरकवली आणि थोडा वेळ रक्ताच्या नळ्यांकडं बघत बसली. धाकट्या बहिणीचं कौतुक तिला लहानपणापासून सवयीचं होतं. पण आतापर्यंत तिला वाटत होतं की तो बोलण्यातला फरक आहे, मनात दोघी सारख्याच असतील. आता मनच समोर उघडलं होतं.

मे महिन्यात शलाका चार दिवस आली. रिक्षातून उतरायच्या आत सरांनी गॅलरीतून हाक मारली, "शलाके!" आवाज असा खणखणीत की शेजारचे बाहेर आले. दोघं बाप-लेक पलंगावर बसून उशा इकडून तिकडं फेकत जुने सामने खेळले. मग सरांनी मान वर केली आणि दारात उभ्या हर्षदाला म्हणाले, "अगं ए, शलाकाला चहा टाक की."

अगं ए.

स्वयंपाकघरात शलाका पाठोपाठ आली. ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, बाबा किती छान आहेत गं! तू फोनवर बोलतेस त्यावरून मला वाटलं होतं, काय बघायला मिळतंय की. तू उगीच घाबरतेस."

"तुझ्यासमोर छान असतात," हर्षदा म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. साखर किती?"

शलाका गेली त्या दिवशी सर गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. चालक नसलेली ती पांढरी रिक्षा वळणाआड गेली तरी हलले नाहीत. पुढचे आठ दिवस त्यांचं एकच चाललं: शलाका कुठं गेली, शलाका कधी येणार, शलाका जेवली का. हर्षदा त्यांची नखं कापत होती तेव्हा त्यांनी तिच्या हाताकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "शलाकाची बोटं लांब आहेत. गोलकीपरची बोटं."

हर्षदानं शेवटचं नख कापलं, कात्री पुसून ठेवली, आतल्या खोलीत गेली आणि अटीपुढं आणखी एक अट जोडली. आणि, कोण: शलाका नसावी.

पुसून टाकायचं काहीच नाही, तिनं स्वतःला समजावलं. ओळी तक्त्यात राहतीलच. फक्त त्या तासात दुसऱ्या आठवणींना जागा मिळेल. आई आहे, शाळा आहे, तालमीतले मित्र आहेत. आणि मीही असेनच की कुठंतरी. शेवटचं वाक्य तिनं मनातही पटकन उरकलं.

अट लागू पडली. पंधरवड्यात शलाकाचे प्रश्न कमी झाले, महिन्यात थांबले. सर आईबद्दल बोलू लागले, तालमीतल्या एका गोळाफेकपटूच्या मिशांबद्दल बोलून हसू लागले. मग एका रविवारी शलाकाचा व्हिडिओ कॉल आला. सरांनी पडद्याकडं बराच वेळ पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "कोण बाई ह्या? आपल्याकडच्या आहेत का?"

शलाकाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, त्याच्या आतलं काहीतरी मात्र निघून गेलं. "बाबा, मी," ती म्हणाली. "बाबा?"

"आजार आहे गं तो," हर्षदा म्हणाली. "असंच होत जाणार." आणि फोन ठेवताना तिच्या छातीत एक गोड, गरम लहर उठली. तिची तिलाच लाज वाटली, पण ती लहर खरी होती. एकदाची बरोबरी झाली होती.

त्या आनंदाच्या भरात तिला दुसरी गोष्ट जाणवलीच नाही. सर तिला हल्ली हाक मारत नव्हते. पाणी तापलं का म्हणून विचारत नव्हते. ती ताट पुढं ठेवी तेव्हा "आभारी आहे" म्हणत. तिला वाटलं, स्वभाव मवाळ होतोय.

एका संध्याकाळी ती लॅब बंद करून घरी आली. दाराच्या कुलपानं तिचा अंगठा ओळखला, पण दार उघडेना. आतून कडी होती.

"बाबा, कडी काढा."

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी हर्षदा."

मग सर दाराच्या अगदी जवळ येऊन, परक्या बाईशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, घरात मी एकटाच आहे. माझी मुलगी बाहेर गेलीय. ती आली की या."

हर्षदानं दाराच्या चौकटीला हात टेकवला. "कुठली मुलगी, बाबा?"

"माझी. ती असते इथं." त्यांना नाव आठवेना, हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं. "येईलच आता. तिच्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. राग मानू नका."

ती पायरीवर बसली. शेजाऱ्यांनी आपल्या गॅलरीतून सरांना बोलण्यात गुंतवून त्यांच्याकडूनच कडी काढून घेतली तोवर दिवे लागले होते. ती आत गेली तेव्हा सर भिंतीला पाठ लावून उभे होते आणि तिच्या खांद्यावरून मागं बघत होते, मुलगी आली का म्हणून.

दुसऱ्या दिवशी समीनांच्या दवाखान्यात तिनं काहीही लपवलं नाही. लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं, अट पडद्यावर दिसत होती. समीनांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"'नसावी' हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं."

"मला वाटलं, सोपं आहे. शलाका सोडून बाकी सगळे."

"बाकी सगळे नाहीत ना पण." समीनांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "'कोण' हा रकाना कसा भरतो माहितीय? ओळखीचं माणूस दिसलं की मेंदूत एक झटका येतो. अरे, ही! असा. तो झटका टिपला की स्मरणी नाव लिहिते. शलाका कित्येक महिन्यांनी यायची, मैदानावर उड्या मारायची. प्रत्येक वेळी झटका. पण जे माणूस सकाळ-संध्याकाळ घरात आहे, त्याला बघून झटका येत नाही. रोज ऐकू येणाऱ्या पंख्याच्या आवाजासारखं आहे ते. म्हणून तिथं नाव नाही. रकाना रिकामा."

"मग रिकामा म्हणजे शलाका नाहीच की," हर्षदा म्हणाली. "आत सोडायला पाहिजे होतं."

"तुम्ही-मी तसं म्हणू. अट म्हणत नाही. तिनं विचारलं, ही व्यक्ती शलाका नाही ना? रिकाम्या रकान्याचं उत्तर 'हो' नसतं, 'नाही'ही नसतं. 'माहीत नाही' असतं. आणि दार फक्त 'हो'ला उघडतं. तुम्ही तुमच्या नावानं शोधलंत तेव्हाही हेच झालं. तुमच्या नावाच्या ज्या थोड्या सापडल्या त्या भीतीच्या, रागाच्या, म्हणजे आनंदाच्या अटीत आधीच अडकलेल्या. राहिलेल्या सगळ्या रिकाम्या रकान्याच्या. त्या आजवर कुणाच्या नजरेत न येता रोज आत जात होत्या. त्यांच्यावरच तर ते तुम्हाला ओळखत होते. तुम्ही बहिणीसाठी दार लावलंत आणि त्याही बाहेर राहिल्या."

समीनांनी नवी अट लिहिली. कोण: रिकामा असावा. आणि, कुठं: घर.

स्मरणी चित्र दाखवत नसे, नक्षीवरून जमेल तसं वर्णन लिही. स्वयंपाकघर, संध्याकाळ, कुणीतरी लसूण सोलतंय: शांत. दवाखान्यातून घरी, कुणीतरी पायांत चपला घालतंय: शांत. जिन्यात ट्रंकेचा आवाज, कुणीतरी कायमचं परत आलंय: आनंद.

हर्षदानं ती ओळ पुन्हा वाचली. लग्न मोडून आली त्या दिवशी ट्रंक तिनं एकटीनं ओढत वर आणली होती. बाबा काही बोलले नव्हते. पेपर वाचत बसले होते.

ओळी संपत नव्हत्या.

"परत येतील ना?" तिनं विचारलं.

"बऱ्याच फिकट झाल्यात. काही येतील. पण रिकाम्या ओळींत नुसती झाडं, रस्ते, शाळेच्या भिंतीही आहेत. तासभरात सगळं मावत नाही. तुमच्या तेवढ्या निवडायच्या तर आधी त्यांत नाव भरायला पाहिजे. आणि स्वतःचं नाव स्वतः भरायची परवानगी नाही. ते घर ओळखणारं दुसरं माणूस लागेल. तुमची बहीण."

शलाका दोन दिवसांत आली. फोनवर हर्षदानं सगळं सांगितलं होतं, त्यामुळं ती दारात उभी राहिली तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं.

"मला वाटलं, मी लांब राहिले म्हणून बाबा मला विसरले," ती म्हणाली. "दोन महिने मी रोज रडलेय, ताई. आणि तू त्यांच्या शेजारी बसून आजार आहे म्हणालीस."

"हो."

"हो काय?"

"मला बरं वाटलं होतं तेव्हा," हर्षदा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? ते तुला विसरले तेव्हा मला बरं वाटलं होतं."

शलाकानं पिशवी जमिनीवर आपटली आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण सकाळी ती संगणकासमोर बसली आणि एकेक वर्णन वाचून जिथं खात्री होती तिथं हर्षदाचं नाव भरू लागली. आठवडाभर भरत होती. काही ठिकाणी उठून विचारायला येई: "बाबांच्या शर्टाचं बटण दातानं दोरा तोडून कोण लावायचं? आई का तू?" हर्षदा सांगे. ती पुन्हा जाऊन बसे.

शेवटच्या दिवशी तिनं पडदा मिटला आणि म्हणाली, "ह्यात मी कुठंच नाही."

"तुझ्या कितीतरी आहेत. मी बघितल्यात."

"त्या माझ्या उड्यांच्या आहेत. मी आले, मी जिंकले, मी गेले. हे लसूण सोलणं कुठाय माझं?" तिचा आवाज चिरकला. "ते कधी मला न बघता बघत होते का गं?"

हर्षदानं आयुष्यभर जिचा हेवा केला ती समोर बसून तिच्या लसणाचा हेवा करत होती.

'नसावी' ही अट गेली. नवी उजळणी सुरू झाली, दोघींच्या नावांची. शलाका लवकर परत आली. झटक्याच्या आठवणी तशाही चिवट असतात. आठवड्यात सरांनी तिला नावानं हाक मारली. हर्षदाच्या बाबतीत काही दिसेना. सर तिला "बाई" म्हणायचं थांबले, एवढंच. कडी लावायचंही थांबले.

शलाका परत निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघं रंकाळ्यावर गेली. बाकावर बेळगावचे एक आजोबा येऊन टेकले, मुलाकडं राहायला आलेले. त्यांनी गप्पा सुरू केल्या. सरांनी छाती फुगवून सांगितलं, "ही शलाका. माझी मुलगी. महाराष्ट्राची गोलकीपर होती."

"वा वा! आणि ह्या कोण?" आजोबांनी हर्षदाकडं बोट केलं.

सरांनी वळून पाहिलं. नाव त्यांच्या ओठांवर येईना, ते हर्षदाला दिसत होतं. पण ते गोंधळलेही नव्हते. उलट, काय हा प्रश्न, असं त्यांनी त्या आजोबांकडं पाहिलं.

"कोण म्हणजे?" ते म्हणाले. "आम्ही दोघं इथं जवळच राहतो की."

आणि आजोबांशी पुढं बोलता बोलता त्यांनी, न बघता, गुडघ्यावरून घसरणारी शाल हर्षदाकडं सरकवली, धर म्हणून.

हर्षदानं शाल धरली. पलीकडं शलाकानं मान तळ्याकडं वळवली होती. पाण्यावरच्या उजेडात तिचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि त्यावर जे होतं ते हर्षदाला ओळखू यायला वेळ लागला नाही. ते तिनं स्वतःच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं वागवलं होतं. क्षणभर तिला ते बघत राहावंसं वाटलं. मग ती बाकामागून फिरून पलीकडं गेली आणि बहिणीशेजारी बसली.

"उद्या निघायच्या आधी," ती म्हणाली, "सकाळची अट तू लिही."

शलाकानं तिच्याकडं पाहिलं. "मी काहीही लिहीन हं."

"लिही," हर्षदा म्हणाली.